क्लच वायर तुटली नव्हती, वहिनी

वहिनी, रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली आणि तिथे माझं कौतुक झालं.

आमचे जुने फोरमन तुमच्याविषयी बोलायला उभे राहिले होते. बोलता बोलता ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "मधुकर गेला तेव्हा या माणसानं काय केलं ते आजच्या पोरांना माहीत नसेल. जिवलग मित्राला खांदा द्यायचा सोडून तो त्याची दोन्ही लेकरं घेऊन दिवसभर बाहेर राहिला. त्या जिवांनी बापाचं मढं पाहू नये म्हणून. असे शेजारी आता मिळत नाहीत." लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर हात जोडले. मी मान खाली घातली आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

तुमची नलू तिसऱ्या रांगेत बसली होती. खरं काय ते तिला तोवर कळलं होतं. कसं कळलं ते पुढे सांगतोच. सभा संपल्यावर बाहेर, चपलांच्या गर्दीत, तिनं मला गाठलं.

"काका, आजही गप्पच बसलात."

"चारचौघांत कसं बोलू, नलू? अंकासाठी तुझ्या आईवर लेख मागितला आहे मंडळानं. त्यात लिहितो."

"लिहा. माझं नाव घालून लिहा. पण आईशी बोलल्यासारखं लिहा. लोकांशी तुम्ही छानच बोलता."

म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे, वहिनी. वाचणार दुसरेच आहेत. पण त्यांच्याकडे पाहून लिहायला लागलो तर मी पुन्हा चांगला दिसायला लागेन. त्याची मला सवय आहे.

मधुकर आणि मी स्टील प्लांटमध्ये एकाच शिफ्टला होतो. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. मिलमध्ये चहा झाला, तो म्हणाला, "छातीत कसंसंच होऊन राह्यलं यार," आणि खाली बसला. बसला तो उठला नाही. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुम्हाला सांगायला मीच आलो. कुठल्या शब्दांत सांगितलं ते आठवत नाही. तुम्ही दारात परात घेऊन उभ्या होतात, हाताला कणीक लागलेली, आणि मी बोलून झाल्यावरही तुम्ही परात खाली ठेवली नाहीत, एवढं आठवतं.

मग भिलाईच्या सेक्टर सहामधली सगळी ओळखीची घरं तुमच्या क्वार्टरात जमली. मधुकरला आणून हॉलमध्ये ठेवलं. त्याचा भाऊ नागपूरहून निघाला होता, दुर्गला गाडी येईपर्यंत थांबायचं ठरलं. नलू आणि शेखर शाळेत होते. नलू चौथीत, शेखर तर नुकताच बालवाडीत जायला लागला होता. मोठ्या माणसांनी ठरवलं की लेकरांना इथे आणू नका, शाळेतून परस्पर कुठेतरी घेऊन जा. कोण जाणार? मी म्हटलं, मी जातो.

इथे सगळे म्हणतात, त्याग. वहिनी, मला तिथून पळायचं होतं. सकाळी ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली तो नाकात कापूस घालून पडला होता. माझ्याच वयाचा. आता त्याला आंघोळ घालतील, बांधतील, उचलतील, आणि पहिल्या खांद्याला माझंच नाव पुकारतील. कोणीतरी लेकरांचा विषय काढला आणि मला दार सापडलं.

मी स्कूटरला किक मारत होतो. तुम्ही बायकांच्या घोळक्यातून उठून बाहेर आलात. तोवर तुम्ही रडत होतात, पण माझ्याशी बोलताना आवाज अगदी सरळ होता.

"भाऊजी, न्यायच्या आधी पोराईले घेऊन या. त्याईले बाप पाहू द्या. हे लोक काही म्हणू द्या."

मी म्हटलं, "आणतो."

कोणी ऐकलं नाही. आत रडारड चालली होती. तुम्ही म्हटलं आणि मी ऐकलं, तेवढंच.

मी पोरांना मैत्रीबागेत नेलं. शेखरला स्कूटरवर पुढे उभं केलं, नलू मागे. त्यांना सांगितलं, बाबांना बरं नाही, डॉक्टर घरी आलेत, गर्दी नको. शेखर खूश होता. वाघ झोपला होता तर तो उठायचीच वाट बघत राहिला. नलू कुठल्याच पिंजऱ्यापाशी थांबेना. तिला काहीतरी कळलं होतं. शाळेच्या फाटकात तिच्या वर्गातल्या कोणाची तरी आई तिच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होती, ते मी पाहिलं होतं, तिनंही पाहिलं असणार.

दुपारी प्लांटचा भोंगा झाला. गाडी दुर्गला लागली असेल, आता निघायला हवं, हे मला स्वच्छ कळत होतं. स्कूटर समोर झाडाखाली होती. तिथून घर किती लांब ते तुम्हाला सांगायला नको. मी पोरांचे हात धरले आणि बोटीच्या खिडकीवर गेलो.

पायानं चालवायची बोट होती. शेखर माझ्या मांडीला टेकून पेंगला. पाण्याच्या मध्यावर नलू म्हणाली, "काका, घरी चला."

"जाऊ ना. एक चक्कर होऊ दे."

चक्कर झाली. काठाला बोट लागली. मी बोटवाल्याला दुसऱ्या चकरेचे पैसे दिले. नलूनं उतरायला एक पाय उचलला होता, तो तिनं परत आत घेतला. बोट मधोमध आल्यावर एकदम म्हणाली, "बाबा मेले ना?"

माझे पाय पॅडलवर फिरत होते. मी ते थांबवले नाहीत. म्हटलं, "कोण म्हणालं? संध्याकाळी भेटशील ना त्यांना."

आम्ही घरी आलो तेव्हा हॉल धुऊन झाला होता. मधुकर होता तिथे पिठावर पणती लावलेली होती. नलूनं ती बघितली, सगळ्या खोल्यांतून फिरून आली, आणि तुमच्यासमोर उभी राहिली. "तू कावून नेऊ दिलं बाबाले? मी येईपर्यंत थांबली कावून नाही?" तुम्ही माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यातून एक म्हातारी मावशी तिला समजावत म्हणाली, "बाई, तुझ्या मायनंच पाठवलं तुमाले. लेकरायनं पाहू नये ना असं." मावशींना वाटलं त्या बरंच करताहेत. मी फरशीकडे बघत उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

तुम्ही मला स्वयंपाकघरात गाठून विचारलंत, "भाऊजी, मी थांबवलं त्याईले जितकं थांबवता आलं. कावून उशीर केला?"

मी म्हटलं, "क्लच वायर तुटली, वहिनी. रस्त्यात मेकॅनिक मिळेना."

तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. वर मलाच म्हणालात, "तुमाले किती धावपळ झाली असंन."

क्लच वायर तुटली नव्हती, वहिनी. त्या स्कूटरची वायर मी ती विकेपर्यंत कधीच तुटली नाही. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसतानाच तुम्ही गेलात. ज्या माणसाला तुम्ही इतकी वर्षं माफ करत राहिलात तो नुसता उशीर झालेला माणूस होता. मी तो नव्हतो.

त्यानंतर नलूनं तुमच्या हातचं खाणं सोडलं. शाळेतून आली की समोर आमच्याकडे यायची, आमच्या हिच्याजवळ जेवायची, अभ्यास माझ्याजवळ करायची. तुम्हाला मधुकरच्या जागी कामावर घेतलं, क्वार्टर राहिलं. तुम्ही ड्युटीवरून येऊन आमच्या दाराशी उभ्या राहायच्यात आणि ती "येते" एवढंच म्हणून वही मिटायची. एका दुपारी मला राहवलं नाही. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मी म्हटलं, "वहिनी, मी तिला सांगतो. तुम्ही आणायला सांगितलं होतं, मलाच जमलं नाही."

तुमचा हात सुपात थांबला. मग म्हणालात, "आत्ता नका सांगू. बाप गेला तिचा. आता तुमच्यावर भरोसा आहे पोरीचा. तोबी गेला तं कोनाकडे पाहीन ते? माझ्यावर रागवू द्या. मी माय आहे, मी कुठं जाऊन राह्यली?"

"अन् पुढे?"

"मोठी झाली म्हंजे सांगजा. तवा समजते मानसाले."

तुम्ही परत तांदळाकडे वळलात. मी घरी आलो. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी व्यवस्थित जेवलो, वहिनी. झोपही लागली.

पुढे लोक तुम्हाला दुसऱ्याच गोष्टीसाठी ओळखू लागले. सेक्टरात कुठे मरण झालं की बाकीच्या बायका चहाची पातेली घेऊन जायच्या आणि तुम्ही त्या घरातली लहान मुलं शोधायच्यात. ती सहसा शेजारच्या घरी टीव्हीसमोर बसवलेली असत. पहिल्यांदा तुम्ही हे केलंत ते आमच्या मागच्या ओळीतल्या तेलुगू क्रेन ऑपरेटरच्या घरी. त्याची बायको गेली होती आणि मुलगा दिवाणाखाली शिरून बसला होता, बाहेर येईना. तुम्ही फरशीवर आडव्या झालात, दिवाणाखाली तोंड करून, तुमच्या त्या हिंदीत. "बेटा, मम्मी मर गई. अब वो नहीं उठेगी. देखना है क्या? मैं हाथ पकड़ के रहती ना."

आतून आवाज आला, "जलाएँगे तो लगेगा उसको?"

"नहीं रे. मरे आदमी को कुछ नहीं लगता. लगता तुमको है, हमको है."

तो बाहेर आला. तुम्ही त्याला आईजवळ नेलंत. त्यानं तिच्या पायाच्या बोटातली जोडवी फिरवून बघितली, एवढंच. घरभर कुजबुज झाली. 'मढं दाखवणारी बाई' हे नाव त्या दिवसापासून पडलं. आमच्या हिनंही घरी येऊन मला म्हटलं, "सिंधूताईचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी ताटावरून उठून हात धुवायला गेलो.

पण त्या घरी तुम्ही नंतरही जात राहिलात. बाकी सगळ्यांचं येणं थांबल्यावर तुमचं सुरू व्हायचं. सुटीच्या दिवशी जायच्यात आणि मुलाला विचारायच्यात, मम्मी डब्यात काय द्यायची? मग ते करून न्यायच्यात, आणि तो "ऐसा नहीं बनाती थी" म्हणाला की "मग कैसा, बता" म्हणून त्याच्याकडूनच शिकायच्यात. एका घरी बाप दर रविवारी मुलींच्या सायकलीत हवा भरायचा. तुम्ही पंप घेऊन गेलात आणि मुलींना म्हणालात, मला येत नाही, तुम्ही शिकवा, बाबा कसं करायचे ते. मी हे सगळं बघायचो. हे कुठून येतं ते या भिलाईत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक गप्प बसायचा.

नलू कॉलेजात होती तेव्हाची ती दुपार तुम्हालाही आठवत असणार. तुम्ही कुणाच्या तरी घरून येऊन पंख्याखाली बसला होतात. मी चहा घेत होतो. नलू केस विंचरत होती, आरशातूनच म्हणाली, "हो गया समाजसेवा? लोकांच्या पोरांना बाप दाखवून आली? आमच्या वेळेस कुठं गेलं होतं हे तुझं डोकं?"

तुम्ही म्हणालात, "तवा अक्कल नव्हती, बाई."

आणि चहाचा कप माझ्या हातातून घेऊन विचारलंत, "अजून देऊ, भाऊजी?"

मी म्हटलं, "अर्धा द्या."

नलूच्या हळदीला तुम्ही मला मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या भट्टीपाशी बोलावलंत. धुरानं डोळे चोळत म्हणालात, "आता सांगून टाका. उद्या जाईन ते सासरी." मी म्हटलं, "लग्नघरात कावून रडारड, वहिनी? आटोपलं की सांगतो." दुसऱ्या दिवशी कन्यादान आमच्या दोघांच्या हातून झालं. विधवेनं करायचं नाही म्हणे, आणि नलूनंही हट्ट धरला होता की काका-काकूच करतील. तुम्ही मागच्या रांगेत अक्षता धरून उभ्या होतात. नलूनं पाठवणीच्या वेळी माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. तुमच्या ती पाया पडली.

मी का सांगत नव्हतो? तुम्हाला वाटायचं, मला नलूची माया सोडवत नाही. तेवढंच असतं तर बरं होतं. मी सांगितलं असतं तर नलू धावत तुमच्याकडे आली असती. तुम्ही दोघी पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलला असतात. तुम्ही म्हणाला असतात, काय करणार बाई, क्लच वायर तुटली होती. आणि नलू म्हणाली असती, कुठली वायर? आम्ही तर बोटीत होतो. तुमच्याकडे अर्धं होतं आणि तिच्याकडे अर्धं. ते एकत्र येऊ नये म्हणून मी मध्ये उभा राहिलो. काका म्हणून, भाऊजी म्हणून, दोन्हीकडचा चहा पीत.

आमची ही गेली त्या वर्षी मी एकदा तुमच्याकडे आलो होतो, शेखरच्या नेहरूनगरच्या घरी. म्हटलं, "वहिनी, या दिवाळीत नलू आली की सांगतो." तुम्ही हसलात. म्हणालात, "आता राहू द्या. तिचं चांगलं चाललं आहे. मलेबी सवय झाली." मला वाटलं, सुटलो. तुम्ही मला सोडलं नव्हतं, माझ्याकडून अपेक्षा ठेवणं सोडलं होतं. हा फरक मला तुम्ही गेल्यावर कळला.

त्या सकाळी शेखरचा फोन आला. झोपेतच गेलात म्हणे. मी वैशालीनगरच्या माझ्या घरून रिक्षानं पोचलो तेव्हा तुम्हाला खाली घेतलं होतं, आणि नलू रायपूरहून येऊन तुमच्या उशाशी बसली होती. कोरडी. शेखरची लेक पिहू आतल्या दाराच्या पडद्याआड उभी होती. त्या वेळची नलू एवढीच होती.

शेखर माझ्याजवळ आला. "काका, एक काम करता? पिहूला शाम तक तुमच्याकडे घेऊन जा. टीव्ही लावून द्या. तिनं हे सगळं पाहायला नको."

वहिनी, त्यानं हे विश्वासानं मागितलं. त्याच्या आठवणीत तो दिवस म्हणजे न उठणारा वाघ आहे.

मी म्हटलं, "मी नाही नेणार."

"कावून?"

"तुझ्या आईनं नेऊ दिलं नसतं."

नलूनं मान वर केली. "आईनं? आईनंच तर पाठवलं होतं ना आम्हाला. लोकांच्या लेकरांपुरतं होतं तिचं शहाणपण."

तुम्ही समोर होतात. तुमच्या कपाळाला कोणीतरी अबीर लावला होता. मी उभ्याउभ्याच बोललो. म्हटलं, "नलू, आईनं मला सांगितलं होतं, न्यायच्या आधी पोरांना आणा. मी आणलं नाही."

"आणता नाही आलं?"

"आणता येत होतं. मी आणलं नाही."

खोलीत पंधरावीस माणसं असतील. नलू विचार करत होती. मग तिनं नेमका तोच प्रश्न विचारला ज्याला मी आयुष्यभर भीत आलो. "आईला काय सांगितलं तुम्ही?"

"क्लच वायर तुटली म्हणून."

"पण आपण बोटीत होतो."

"हो."

"दोन चकरा मारल्या आपण. मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो, नलू."

"मग तिला माहीतच नव्हतं बोटीचं." ती तुमच्याकडे बघून बोलत होती. "अन् मला माहीत नव्हतं, तिनं काय म्हटलं होतं ते. आणि ती काहीच नाही बोलली? एवढं बोलायची मी तिला!"

तुम्ही तांदूळ निवडताना जे म्हणाला होतात ते मी तिला सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "आता सांगून राहिले काका तुम्ही. आता. ती हो म्हणू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही. मी आता विचारू कोणाले?"



नलू उठली. मला वाटलं बाहेर जाते. ती पडद्यापाशी गेली आणि पिहूसमोर खाली बसली. "आजी मर गई, बेटा. देखना है? मैं हाथ पकड़ती हूँ." पिहूनं मान हलवली. तुमच्याजवळ येऊन तिनं तुमचा हात दाबला आणि पटकन सोडला. "ठंडा है, बुआ." "हाँ. ऐसा ही हो जाता है." "चश्मा नहीं पहनाओगे?" शेखर भिंतीकडे तोंड करून रडायला लागला, मग त्यानंच जाऊन चश्मा आणला. मी या वेळी शेवटपर्यंत थांबलो, वहिनी. खांदा दिला. माझ्या वयाला तो जेमतेम दारापासून गाडीपर्यंतच होता.

सभेच्या आदल्या दिवशी तेरावं झालं. शेखरनं मला बोलावलं म्हणून गेलो. नलूनं बोलावलं नसतं. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो होतो. आत आचारी यादी करत होता, त्यानं विचारलं, "पानावर बाईंच्या आवडीचं काय ठेवायचं?"

शेखर म्हणाला, "आई सगळंच खायची."

"असं नसते साहेब. काहीतरी असंनच."

नलू दारात आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिनं आपणहून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तर रोजचे होते."

मी आठवू लागलो. मधुकरला भरलं वांगं लागायचं. शेखरला भाताची खरवड. माझ्यासाठी तुम्ही झुणक्यात लसूण जास्त घालायच्यात, हे मी कधी सांगितलं नव्हतं तरी. नलूची तर सगळी यादीच मला पाठ आहे, कारण ती आमच्याकडे जेवायची. तुमचं काही आठवेना. तुम्हाला खाताना मी बघितलं होतं का, हेच आठवेना.

"नाही माहीत," मी म्हटलं.

"मला पण नाही," नलू म्हणाली. "मी कधी विचारलंच नाही. तिच्यावर रागावलेली होती ना मी."

तेवढ्यात पिहू, खाली बसून वेलदोडे सोलत होती ती, म्हणाली, "आजी को टोस्ट पसंद था."

"क्या?"

"टोस्ट. चाय में डुबा के. ऊपर मलाई. सुबह पापा के उठने से पहले खाती थी. मुझे भी देती थी. बोलती थी मम्मी को मत बता, डॉक्टर ने मना किया है."

नलू हसली. हसता हसता तिचा चेहरा मोडला आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली, मोठ्यानं रडली, लहान मुलं रडतात तशी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी खुर्चीतून अर्धवट उठलो होतो. तिनं हातानंच मला बसायला सांगितलं. मी बसलो.

शेखरनं कोपऱ्यावरच्या बेकरीतून टोस्ट आणले. तुमच्या पानावर वडे होते, खीर होती, आणि चहाची बशी होती. साय पिहूनं लावली. गुरुजींनी एकदा बशीकडे बघितलं आणि पुढचा मंत्र म्हटला.

जेवणं झाल्यावर नलू माझ्या पाया पडली नाही. दर रविवारी यायचा तिचा फोन तुम्ही गेल्यापासून आला नाही, पुढे येईल असंही मी धरून चालत नाही. तुम्हाला ज्याची भीती होती ते झालं आहे, वहिनी, पण पोरगी आता पन्नाशीची आहे, तिला पेलेल. इतकी वर्षं तुम्ही जो राग सांभाळला तो माझा होता. तो आता माझ्याकडे आहे.

रिक्षा येईपर्यंत मी व्हरांड्यातच होतो. आत नलू पिहूला घेऊन बसली होती. "और?" नलू विचारत होती. "और क्या करती थी आजी?" पिहू सांगत होती. तुम्ही गाणं गुणगुणायच्यात म्हणे, पत्त्यांत खोटं खेळायच्यात, पावसात गच्चीवर उभं राहून भिजायच्यात. "सच में?" नलू म्हणाली, "और?" रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी थोडा वेळ उठलो नाही. त्यातलं मलाही काही ठाऊक नव्हतं.